‘ययाति’ चौदाव्या वर्षी द्यावी का? एका घरातल्या चौघांसाठी कादंबऱ्या

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. घरात 9 वर्षांची मुलगी, 14 वर्षांचा मुलगा, बारावीतली पुतणी आणि सत्तरीच्या सासूबाई. चौघांसाठी वेगवेगळ्या प्रकारच्या कादंबऱ्या हव्यात आणि कोणती कुणाच्या हातात देऊ नये तेही हवंय. मुलानं ‘मृत्युंजय’ साठ पानांवर सोडली, म्हणून आता ‘ययाति’ द्यावी का, कारण ‘तीही पौराणिकच आहे आणि त्यापेक्षा लहान आहे’. मी कोल्हापुरात एका पेठेतल्या सार्वजनिक वाचनालयात 31 वर्षं देवघेवीच्या टेबलाशी बसते. तिथं जे बघितलं त्यावरून सांगते.

‘ययाति’ आत्ता देऊ नका. तीन-चार वर्षांनी जरूर द्या. वि. स. खांडेकरांची ही कादंबरी 1959 ची, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 1974 चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं, मराठीतलं पहिलं. शिवाय खांडेकर कोल्हापूरचे, त्यांचं स्मृतिसंग्रहालय आपल्या शिवाजी विद्यापीठात आहे. त्यामुळं इथल्या घरात ही कादंबरी आदरानं ठेवलेली असते आणि आदरानंच मुलांच्या हातात दिली जाते. पण तिचा गाभा आहे वासना. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडानं सांगतात ते लग्नातलं एकटेपण, शरीराची न संपणारी भूक आणि शेवटी बापानं मुलाकडं तारुण्य मागणं. यात वाईट काही नाही, फार मोठं आहे ते. पण चौदाव्या वर्षी पोराला त्यातली शारीरिक वर्णनं तेवढी कळतात आणि ययातीचा थकवा कळत नाही. थकवाच कळला नाही तर कादंबरीतलं उरलं काय? आमच्याकडं ही कादंबरी लवकर वाचलेली मुलं पुढं ‘वाचलीय मी’ म्हणून ती पुन्हा उचलत नाहीत. खरं नुकसान ते आहे.

पौराणिक, ऐतिहासिक आणि प्राण्यांची, हे तीन शब्द ऐकले की आईवडील निर्धास्त होतात. मीही झाले होते. नोकरीच्या सुरुवातीला एका दहा वर्षांच्या मुलीला मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ दिली. माकडांची गोष्ट, छोटीशी, भाषा सोपी. मी स्वतः तोवर ती वाचलेली नव्हती. मुलीनं तिसऱ्या दिवशी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता गेली. नंतर दोन महिने ती आलीच नाही. मग मी ‘सत्तांतर’ वाचली. वानरांच्या टोळीत नवा नर सत्ता घेतो तेव्हा आधीच्या नराची पिल्लं मारली जातात, आणि माडगूळकर ते अजिबात गोंजारून सांगत नाहीत. जंगलात जसं घडतं तसं. मराठीतली ही फार मोलाची कादंबरी आहे आणि ती 15 वर्षांच्या पुढच्या माणसासाठी आहे. त्या मुलीची मी नंतर माफी मागितली, पण तो दोन महिन्यांचा खंड माझ्यामुळं पडला हे मी विसरले नाही. तेव्हापासून न वाचलेली कादंबरी मी बालविभागातल्या सभासदाला देत नाही.

ऐतिहासिकचंही तसंच. शिवाजी सावंतांची ‘छावा’ 1979 ची. तिच्यावरचा हिंदी सिनेमा 2025 मध्ये आला आणि चौथी-पाचवीतली मुलं वडिलांचं बोट धरून ‘छावा’ मागायला आली. संभाजीराजांबद्दलची ओढ खरी आहे, ती मोडू नये. पण शेवटी जे हाल सोसावे लागले ते कादंबरीत सविस्तर आहेत, आणि वाचताना ते पडद्यावरच्यासारखे दोन मिनिटांत सरत नाहीत. मी त्या वडिलांना सांगायची, तुम्ही आधी वाचा, त्याला रोज रात्री थोडं सांगा, पुस्तक दहावीत द्या. रणजित देसाईंची ‘स्वामी’ मात्र 13 वर्षांपासून चालते. माधवराव पेशवे, थेऊर, क्षय, राघोबादादांशी चाललेली ओढाताण, सगळं आटोपशीर आणि भाषा सुंदर. फक्त शेवटी रमाबाई सती जातात आणि तो प्रसंग इतक्या भारावलेल्या शब्दांत आहे की वाचणाऱ्या मुलीला ते दिव्य वाटू शकतं. त्या रात्री आई जवळ असावी आणि बोलावं. पुस्तक काढून घेण्याची गरज नाही.

आता याच्या उलट बाजूला काय होतं ते बघा. ज्यात शिवी दिसते, मुलगा-मुलगी दिसतात, ते पुस्तक आपण कपाटात वर ठेवतो. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ 2004 ची. नववीतल्या पोरांची गोष्ट, काळ आणीबाणीचा. वर्गातली टोळी, ‘लाईन’, मास्तरांची नक्कल, तोंडात पोरांची खरी भाषा. पालक पाच पानं चाळतात आणि म्हणतात, नको बाई. पण मुकुंद जोशीला शिरोडकर आवडते त्यात जो हळुवारपणा आहे, तो तुमच्या मुलाला दुसरं कोणी शिकवणार नाही, मोबाईल तर नाहीच. नववी-दहावीच्या मुलाला ती नववी-दहावीतच मिळायला हवी. विसाव्या वर्षी ती आठवण म्हणून वाचली जाते, चौदाव्या वर्षी सोबत म्हणून.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की विषयावरून वय ठरवू नये. दुःख किंवा शरीर कादंबरीत येतंय का, हा प्रश्न अपुरा आहे. ते कुणाच्या नजरेतून येतंय आणि त्या नजरेचं वय काय, हे बघावं. ‘शाळा’त सगळं नववीतल्या मुलाला दिसतं तेवढंच दिसतं. ‘ययाति’त आयुष्य उपभोगून दमलेला माणूस बोलतो. पहिली पोराच्या खांद्याला खांदा लावून चालते, दुसरीच्या मागं त्याला धावावं लागतं.

हे घरी तपासायची एक साधी रीत आहे. कादंबरीची पहिली दहा पानं, साधारण मधली दहा आणि शेवटचं प्रकरण स्वतः वाचा. सुरुवात फसवते, मध्य फसवत नाही. लेखकाला जे कठीण सांगायचंय ते बहुतेक वेळा पुस्तकाच्या पोटात असतं. आणि वाचनालयातलं जुनं पुस्तक असेल तर बंद पुस्तकाची कड बघा. जिथपर्यंत माणसांची बोटं लागलीत तिथपर्यंत कड काळवंडलेली असते. काही पुस्तकांत पहिली चाळीस पानं मळलेली आणि पुढची कोरी, म्हणजे लोक तिथंच थांबलेत. ‘मृत्युंजय’च्या आमच्या प्रतीत मात्र शेवटपर्यंत सारखा रंग आहे, तीनदा बाइंडिंग करून झालंय. तेव्हा तुमच्या मुलानं साठ पानांवर सोडली यात ना पुस्तकाचा दोष ना त्याचा. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण पाळीपाळीनं बोलतात, भाषा अलंकारांनी भरलेली, आणि पुस्तक जाडजूड. ज्यानं आधी दीडशे पानांची एकही कादंबरी पुरी केली नाही त्याला एकदम जोतिबाचा डोंगर चढायला लावल्यासारखं होतं ते. कर्णच हवा असेल तर रणजित देसाईंची ‘राधेय’ द्या. ती आटोपशीर आहे. ती झाली की ‘मृत्युंजय’ त्याला आपोआप लागेल.

मुलाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण माझ्या टेबलासमोरून जी मुलं निघून जातात ती याच वयाची. सातवीपर्यंत येतात, मग क्लास सुरू होतात आणि दहावीनंतर बघू म्हणतात. ती परत येतात ती स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मागायला. अशा मुलाला छोटी आणि पहिल्या पानापासून पळणारी कादंबरी लागते. अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ द्या. 1959 ची, पातळशी, आणि घडते आपल्या शेजारी, वारणेच्या खोऱ्यात. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी धान्य लुटणारा फकिरा आणि त्याच्यामागं लागलेलं इंग्रज सरकार. सुरुवातीलाच जोगणीवरून, म्हणजे जत्रेच्या मानावरून, गावागावांतली जीवघेणी मारामारी आहे, रक्त आहे, पण ते शौर्याच्या आणि भुकेच्या बाजूनं येतं. 13-14 ला अगदी योग्य. वाचून झाल्यावर तो विचारेल की या लोकांना गुन्हेगार जमात का म्हणत होते. उत्तर तयार ठेवा, कारण इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याबद्दल शाळेत त्याला फारसं कळलेलं नसेल.

दुसरी ‘बनगरवाडी’, माडगूळकरांचीच, 1955. औंध संस्थानातल्या धनगरवाडीवर एकशिक्षकी शाळा चालवायला गेलेला कोवळा मास्तर. त्याचं वय तुमच्या मुलाहून फार जास्त नाही. सुरुवातीला काहीच घडत नाही असं वाटेल, मेंढरं, मोकळं रान, एक कारभारी. ‘वीस पानं थांब’ म्हणून त्याला आधीच सांगा. दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होत जाते ती पानं ज्यानं वाचली त्याला पुढं उन्हाळ्यात टँकरची बातमी वेगळी दिसते.

तिसरी ‘रारंगढांग’, प्रभाकर पेंढारकरांची. जयप्रभा स्टुडिओवाल्या भालजींचे ते चिरंजीव, त्यामुळं आपल्याला जवळचे. मुंबईचा तरुण इंजिनिअर विश्वनाथ हिमालयात सीमेवरचा रस्ता बांधायला जातो. सुरुंग, कडा, दरडी, बर्फ, कामगारांचे जीव, आणि वरिष्ठाचा हुकूम पाळायचा की आपल्या अभ्यासाला जागायचं हा पेच. ज्या मुलांना ‘कथा-कादंबरी पोरींसाठी’ असं वाटतं त्यांना मी हीच देते आणि ती पुस्तक उशिरा परत करतात, कारण घरात वडील वाचायला घेतात. 14 च्या पुढं निःशंक.

आनंद यादवांची ‘झोंबी’ मात्र जरा थांबून, पंधराच्या आसपास. कागलचा पोरगा शिकायसाठी बापाशी झगडतो. भाषा आपल्या बाजूची, तुमच्या सासूबाई ती मोठ्यानं वाचून दाखवतील तर मुलाला वाचण्यापेक्षा जास्त कळेल. पण बापाचा मार, उपासमार आणि घरातली एकामागून एक बाळंतपणं यांचं ओझं शेवटपर्यंत हलत नाही. ज्या घरात मुलाला मारलं जातं त्या घरातल्या मुलाला ती देताना मी आधी त्याच्या तोंडाकडं बघते.

मुलीकडं येते. नऊ वर्षं हे वाचणाऱ्याचं सोन्यासारखं वय. स्वतः वाचता येतं आणि अजून कुणी वाचून दाखवलेलंही आवडतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तिला स्वतःला वाचू द्या. फुरसुंगीचा बनेश, सायकल आणि त्याचं ते ‘ट्टॉक्’. काही शब्द जुने झालेत, अडलं तर ती विचारेल. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आणि ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या हेही तिचेच. ताम्हनकरांचीच चिंगी तर आहेच. ‘मुलांची पुस्तकं, मुलींची पुस्तकं’ असे वेगळे कप्पे आमच्या जुन्या यादीत होते, ते मी केव्हाच काढून टाकले.

‘श्यामची आई’ तिच्या हातात देऊन मोकळं होऊ नका. साने गुरुजींनी ती 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि तिची प्रकरणं रात्रीच्या हिशेबानं आहेत, बेचाळीस रात्री. ती रचनाच सांगते कसं वाचायचं ते. रोज एक रात्र, दिवा मालवायच्या आधी, तुम्ही किंवा आजी वाचणार. पुढं पुढं आईचं आजारपण आणि मरण येतं. नऊ वर्षांची मुलगी ते एकटी वाचत असेल तर रात्री उठून तुमच्या खोलीत येईल, आणि तुमच्या कुशीत ऐकत असेल तर फक्त रडेल. ते रडू चांगलं असतं. तसंच ‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागींचं हे शाळेच्या आठवणींचं पुस्तक, कादंबरी म्हणून नाही वाचलं तरी चालेल. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा ऐकून मुलं खुळी होतात. पण त्यात मित्राचा मृत्यू आहे आणि शेवटी युद्धात शाळा जळते. ती पानं बरोबर बसून. दोन वर्षांनी ‘चौघीजणी’, शांता शेळक्यांचं भाषांतर. ते मूळ मराठीतच लिहिल्यासारखं वाहतं.

पुतणीला यादी द्यायचीच असेल तर ती तिला एकटीला द्या, सगळ्यांसमोर वाचून दाखवू नका. सतराव्या वर्षी माणूस शिफारशीवर विश्वास ठेवत नाही, योगायोगानं सापडलेल्यावर ठेवतो. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ कॉलेजला जायच्या उंबरठ्यावर वाचावी. पांडुरंग सांगवीकर गावातून पुण्याला येतो, उधळतो, हरतो, परत जातो. बहिणीच्या मरणाची पानं फार खोल लागतात. ती मुलगी सध्या स्वतःच खचलेली असेल, निकालाच्या धास्तीत असेल, तर ‘कोसला’ परीक्षेनंतर. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ ती मैत्रिणीकडून आणून वाचेलच. सिगारेट-दारू आहे, पण मैत्रीही खरी आहे, अडवू नका. ‘ययाति’ तिला आता चालेल. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ तिला द्याच. लेखक आपल्या शाहूवाडी तालुक्यातले, विषय धरणानं उठवलेल्या गावांचा, आणि आपल्या जिल्ह्यात धरणग्रस्तांच्या वसाहती आहेत तेव्हा तिला ते परकं वाटणार नाही. कविता महाजनांची ‘ब्र’ आणि जयवंत दळवींची ‘चक्र’ मी अठरानंतर म्हणेन. दोन्हींत बाईच्या अंगावर येणारं जग आहे, आणि त्यावर कुणाशी तरी बोलता यायला हवं.

रहस्य, विज्ञान आणि भय यांबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. रहस्यात 10-11 पासून सत्यजित राय यांचा फेलूदा, अशोक जैन यांच्या भाषांतरात. राय यांनी तो ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात सुरू केला, त्यामुळं खून असला तरी किळस नाही आणि नको ते प्रसंग नाहीत. डोळे मिटून द्यावा. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड आजोबांच्या पिढीनं फडशा पाडला, आजची मुलं त्या भाषेत अडखळतात. विज्ञानात जयंत नारळीकर. जन्म कोल्हापूरचा, 19 जुलै 1938. हे सांगितलं की आमच्याकडची मुलं आधी विश्वास ठेवत नाहीत आणि मग पुस्तक घेतात. ‘वामन परत न आला’ तुमच्या मुलाला द्या. जमिनीखाली सापडलेलं ज्ञान आणि त्यातून घडलेला वामन नावाचा यंत्रमानव, 1980 च्या दशकातली कादंबरी, पण कृत्रिम बुद्धीची चर्चा रोज कानावर पडणाऱ्या मुलाला ती आज लिहिल्यासारखी वाटेल. भयकथेत नारायण धारपांचा समर्थ 14 पासून, कारण तिथं वाईटाला हरवणारं कुणीतरी आहे. धारपांच्या बाकीच्या कादंबऱ्या सोळानंतर. झोप हलकी असलेल्या मुलाला वयाचा हिशेब न करता भयकथा टाळाच.

सासूबाईंना वय बघून काही टाळायची गरज नाही, फक्त अक्षर मोठं आणि पुस्तक हातात पेलेल असं. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ त्यांनी वाचली असेल, तरी पुन्हा द्या. गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’, शंकर पाटलांची ‘टारफुला’. ‘टारफुला’ वाचताना त्या गावाकडच्या चार माणसांची नावं घेतील. तेव्हा मुलांना जवळ बसवा.

वाचताना पोरानं मधेच पुस्तक मिटलं तर का म्हणून उलटतपासणी घेऊ नका. नाही आवडलं आणि नाही सोसलं यातला फरक त्याला शब्दांत सांगता येत नाही. नाही सोसलं तर पुस्तक उशीजवळ राहत नाही, दुसऱ्या खोलीत जातं. माझ्या मुलीच्या बाबतीत मला हे तसंच कळलं होतं.

करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून आहे, वर सांगितलेलं बहुतेक तिथं मिळेल. नाही तर आपापल्या पेठेतलं वाचनालय धुंडाळा, बालविभागाची वर्गणी फार नसते. पहिल्या खेपेला चारच न्या: मुलीला फास्टर फेणे, मुलाला ‘फकिरा’, पुतणीला ‘झाडाझडती’ आणि सासूबाईंना ‘पडघवली’. ‘शाळा’ घरात आणून ठेवा, कुणाला दिली असं म्हणू नका. पंधरा दिवसांनी मला कळवा की मुलगा कुठल्या पानावर आहे. थांबला असेल तर ते पान नेमकं सांगा, पुढचं पुस्तक त्यावरून ठरवू.